मतदान काढायला कोण येतं?

दुपारचे तीन वाजलेले असतात. मतदान केंद्र असलेल्या शाळेपासून दोनशे मीटर सोडून एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर ताडपत्री. टेबलावर मतदार यादीची घड्या पडलेली प्रत. समोरून कोण केंद्राकडे गेलं हे तिथे बसलेल्याला चेहऱ्यावरून कळतं. तो त्या नावावर निळ्या पेनाने आडवी रेघ मारतो. ज्यांच्यावर रेघ नाही ती नावं शेजारचा दुसरा कार्यकर्ता गल्लीनुसार वहीच्या पानावर उतरवून घेतो. "वरच्या आळीतली अजून अकरा राहिल्यात. पोस्टाजवळच्या घरातली थोरली सून माहेरी गेलीया, तिला फोन लावा. म्हातारीला रिक्षा पाठवा." साडेतीनला दोन मोटारसायकली सुटतात आणि चारच्या आत त्या अकरातली आठ माणसं रांगेत उभी असतात.

याला आपल्याकडे ‘मतदान काढणं’ म्हणतात. विहिरीचं पाणी काढावं तसं मतदान काढावं लागतं. ते आपोआप वर येत नाही. दर निवडणुकीनंतर टक्का का वाढला, का घसरला यावर चर्चा झडते. तिच्यात ‘जागृती’ असते, ‘उदासीनता’ असते, ‘सुशिक्षितांचा निरुत्साह’ असतो. हा एक शब्द मात्र नसतो. आमचं म्हणणं असं आहे की माणूस मतदानाला जाईल की नाही, हे त्याच्या मनात लोकशाहीबद्दल किती आदर आहे यावर फार थोडं अवलंबून असतं. त्याचं नाव योग्य यादीत आहे का, जाऊन यायला किती वेळ मोडतो, आणि तो गेला नाही तर ते कुणाच्या लक्षात येतं का, यावर ते बहुतांशी ठरतं. आणि या तिन्ही गोष्टी मतदानाच्या दिवसाच्या किती तरी आधी ठरून गेलेल्या असतात.

आकडे बघा. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. कोल्हापूर जिल्हा ७६ टक्क्यांच्या पुढे जाऊन राज्यात पहिला आला, आणि जिल्ह्यातला करवीर मतदारसंघ ८४ टक्क्यांच्याही पुढे गेला. त्याच दिवशी मुंबई शहर जिल्हा ५२ टक्क्यांच्या आसपास थांबला, कुलाबा तर ४४ च्या घरात. शिक्षण, उत्पन्न, हातातला मोबाइल, दारात येणारं वर्तमानपत्र, यातल्या कुठल्याच बाबतीत कुलाबा करवीरच्या मागे नाही. अमेरिका-युरोपातल्या अभ्यासांत शिकलेला आणि सुस्थितीतला माणूस जास्त मतदान करतो असं सतत दिसतं. आपल्याकडे चित्र उलटं आहे: खेड्यात जास्त, शहरात कमी, चाळीत जास्त, टॉवरमध्ये कमी. माहितीच्या अभावी लोक मत देत नाहीत, हे गृहीतक इथेच कोसळतं. तरीही रांगोळ्या, मानवी साखळ्या, पथनाट्यं आणि शपथा यांवर प्रशासनाची शक्ती खर्च होत राहते. ज्याला आधीच जायचं असतं तोच त्या मानवी साखळीत उभा असतो.

करवीरचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. इथे नरके आणि पाटील या दोन गटांची लढत वर्षानुवर्षांची. २०१४ साली निकाल ७१० मतांनी लागला. २०२४ साली दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक लाख तीस हजारांहून जास्त मतं पडली आणि फरक राहिला १,९७६ मतांचा. मतदारसंघातल्या केंद्रांवर हा फरक विभागला तर एका केंद्रामागे सहा-सात मतंसुद्धा येत नाहीत. अशा ठिकाणी ‘माझ्या एका मतानं काय होतंय’ हे वाक्य कुणी बोलू धजत नाही. दोन्ही गटांची मुळं साखर कारखान्यांत, दूध संस्थांत, सेवा सोसायट्यांत गेलेली. कारखान्याची निवडणूक, सोसायटीची निवडणूक, ग्रामपंचायत, मग विधानसभा: एका माणसाला पाच वर्षांत सहा-सात वेळा मतदानाला जावं लागतं, आणि प्रत्येक वेळी त्याला न्यायला तीच माणसं येतात. ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघाच्या संचालक मंडळासाठी गावोगावच्या दूध संस्थांचे ठरावधारक, म्हणजे संस्थेने ठराव करून मताचा अधिकार दिलेली माणसं, मतदान करतात. ते साडेतीन हजारांच्या आसपास. त्यामुळे एकेका ठरावाचा हिशेब ठेवला जातो आणि मतदान शंभर टक्क्यांना टेकतं. ज्या माणसाला या निवडणुकांची सवय आहे त्याला विधानसभेला वेगळी जागृती करावी लागत नाही.

कोल्हापुरात याला ‘ईर्षा’ म्हणतात. बाहेरच्यांना हा शब्द खटकतो, कारण पुस्तकी मराठीत ईर्षा म्हणजे मत्सर. इथल्या बोलीत ती चुरस आहे. तालमी-तालमींतली, पेठा-पेठांतली फुटबॉलची ईर्षा, तशीच गटाची. ईर्षेनं मतदान होतं.

एक माणूस मत का देतो, याचा हिशेब मांडायचा प्रयत्न अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रातल्या लोकांनी फार पूर्वीपासून केला. १९६८ साली रायकर आणि ऑर्डेशूक या दोन अमेरिकन अभ्यासकांनी तो एका ओळीत बसवला. आपल्या मताने निकाल फिरण्याची शक्यता गुणिले आपला माणूस निवडून आला तर होणारा फायदा; त्यातून वजा मतदानाला जाण्याचा त्रास; त्यात मिळवा कर्तव्य केल्याचं समाधान. पहिली शक्यता लाखो मतदारांत जवळजवळ शून्य असते. म्हणजे प्रत्यक्षात उरतात दोनच गोष्टी, त्रास आणि समाधान. त्रास थोडासा वाढला तरी माणूस गळतो, आणि समाधान थोडंसं वाढलं तरी माणूस येतो.

पुढे हे प्रयोग करून तपासलं गेलं. १९९८ साली न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन यांनी मतदारांचे गट पाडले: काहींच्या दारी माणूस पाठवला, काहींना पत्र, काहींना टेलिफोन. ज्यांच्याशी दारात उभं राहून कुणी बोललं त्यांचं मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलं. पत्राचा परिणाम किरकोळ, भाड्याने केलेल्या टेलिफोनचा जवळजवळ नाही. २००६ साली मिशिगन राज्यातला प्रयोग याहून बोलका आहे. तिथे कुणी कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण कुणी मतदान केलं आणि कुणी नाही ही नोंद जाहीर असते. काही घरांना अशी पत्रं पाठवली की तुमच्या आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या घरातल्या कुणी मागच्या वेळी मतदान केलं हे खाली दिलं आहे, आणि निवडणुकीनंतर हीच यादी पुन्हा पाठवू. पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के झालं, या पत्रवाल्यांत ३७.८ टक्के. नुसतं ‘मतदान करणं तुमचं कर्तव्य आहे’ असं सांगणाऱ्या पत्राने दोन टक्क्यांच्याही आतच वाढ झाली.

मिशिगनमध्ये पत्र पाठवून जे सिद्ध करावं लागलं, ते आपल्या गावात यादीवर रेघ मारणारा पोरगा रोजच्या व्यवहारातून शिकलेला असतो. आपण गेलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येणार, ही भावना मोठी. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती नसते. कोल्हापूर शहरातल्या ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी या भागांत दाराला इंटरकॉम असतो, पण यादी घेऊन दारात येणारा कुणी नसतो. २०२४ च्या विधानसभेला शहरातल्या उत्तर मतदारसंघाचा आकडा करवीरपेक्षा बराच खाली, राज्याच्या सरासरीच्या आसपास होता. नदीच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं एकाच मातीतली. फरक पडतो तो त्यांच्याभोवती विणलेल्या जाळ्याचा.

आता यादीकडे येऊ. टक्केवारीवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे.

समजा एका केंद्राच्या यादीत १,००० नावं आहेत. त्यातली ४० माणसं वारलेली, ४० कायमची पुण्याला गेलेली, २० नावं दुबार. म्हणजे मत देऊ शकतील अशी माणसं ९०० च. त्यातल्या ६५० जणांनी मतदान केलं तर कागदावर ६५ टक्के दिसतं. खरं मतदान ७२ टक्क्यांचं असतं. ज्या शहरात भाडेकरू दर अकरा महिन्यांनी घर बदलतात तिथे ही सूज जास्त. तिला ‘शहरी उदासीनता’ म्हणून झोडपण्याआधी यादी तपासायला हवी.

याच्या उलट बाजू जास्त दुखरी आहे: माणूस केंद्रावर येतो, हातात मतदार ओळखपत्र असतं, आणि यादीत नाव नसतं. ओळखपत्र असणं म्हणजे यादीत नाव असणं नव्हे, ही एक गोष्ट लोकांच्या मनावर ठसली तर निम्मे वाद मिटतील. मत देण्याचा हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो, कार्डामुळे नाही. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं पासबुक अशा कुठल्याही मान्य कागदावर मतदान करता येतं. कार्ड असेल आणि नाव उडालं असेल तर केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसतं. त्याच्यावर आवाज चढवून उपयोग नाही.

नाव उडतं कसं? नमुना ७ भरून त्याच मतदारसंघाच्या यादीतला कुणीही मतदार हरकत घेऊ शकतो की अमुक माणूस इथे राहत नाही. बीएलओ, म्हणजे त्या केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी, तपासणीला येतो त्या दिवशी घराला कुलूप असलं, शेजाऱ्याने ‘ते पुण्याला असतात’ असं सहज सांगितलं, नोटिशीला उत्तर गेलं नाही, की नाव वगळलं जातं. नवं नाव घालायला नमुना ६. पत्ता बदलला, नाव-आडनाव दुरुस्त करायचं असलं, तर नमुना ८. पूर्वी वर्षातून एकदाच, १ जानेवारीला अठरा पूर्ण असावे लागत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींनाही आगाऊ अर्ज करता येतो. कनिष्ठ महाविद्यालयातल्या किती वर्गांत हे सांगितलं जातं? बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरून घेताना त्याच टेबलावर नमुना ६ भरून घेता येईल. वयाचा दाखला म्हणून जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र चालतं, आणि ते त्या दिवशी मुलांच्या हातात असतंच.

खरी फसगत मुदतीत होते. २०२४ च्या विधानसभेचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर. नाव नोंदवायचं तर त्याच्या दहा दिवस आधी, म्हणजे १९ ऑक्टोबरपर्यंत, कारण दाव्यावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणजे निवडणुकीची घोषणा ऐकून जागा झालेल्या माणसाच्या हातात चारच दिवस होते. महापालिकेला तर तेवढेही मिळत नाहीत. राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी तयार करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागवार फोडतो. १५ जानेवारी २०२६ ला कोल्हापूर महापालिकेसाठी मतदान झालं, त्याला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. नंतर नोंदवलेलं नाव त्या निवडणुकीपुरतं नसल्यासारखंच. फोडाफोडीत रस्त्याच्या अलीकडचं घर पलीकडच्या प्रभागात जातं ते वेगळंच. प्रारूप यादीवर हरकती घ्यायला मोजके दिवस असतात आणि त्या दिवसांत ती यादी इच्छुक उमेदवारांशिवाय फारसं कुणी उघडत नाही.

या सगळ्यात सगळ्यात जास्त गळतात त्या नव्या सुना. लग्न होऊन मुलगी गडहिंग्लजहून शिरोळला येते. नाव माहेरच्या यादीत, आडनाव बदललेलं, आधार अजून जुन्याच पत्त्यावर. आधी आधार बदलायचं, मग नमुना ८, मग बीएलओची भेट. घरात नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या आहे म्हणून हे काम घाईचं कुणालाच वाटत नाही. पहिली दोन-तीन वर्षं अशीच जातात आणि तेवढ्यात एखादी लोकसभा, एखादी ग्रामपंचायत होऊन जाते. देशात २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभांना बायकांच्या मतदानाचं प्रमाण पुरुषांच्या किंचित पुढे गेलं. म्हणजे यादीत नाव आलं की त्या जातातच. अडतं ते यादीपाशी. विवाह नोंदणीचा दाखला देतानाच ग्रामपंचायतीने नमुना ८ पुढे सरकवला, तर हे वर्षानुवर्षांचं दुखणं सहीएवढ्या वेळात बरं होईल.

दुसरे विद्यार्थी. शिवाजी विद्यापीठाच्या आणि शहरातल्या वसतिगृहांत राहणारा मुलगा नाव गावी ठेवू शकतो किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर आणू शकतो. त्यासाठी संस्थाप्रमुखाचा बोनाफाईड दाखला लागतो. दोन्हीकडे ठेवणं गुन्हा आहे. बहुतेक जण नाव गावी ठेवतात, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी मतदान आलं की जात नाहीत. लागून सुट्ट्या आल्या की शहरी माणूस फिरायला जातो, म्हणून २०२४ ला विधानसभेचं मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं गेलं. शहरातल्या नोकरदारासाठी ते बरोबर होतं. चंदगडहून पुण्याला गेलेल्या मुलासाठी बुधवार म्हणजे दोन दिवसांची रजा आणि एसटीच्या दोन रात्री.

आणि ज्यांच्याबद्दल आपण कोल्हापूरकरांनी सगळ्यात आधी बोलायला हवं ते ऊसतोड मजूर. आपल्या कारखान्यांचं गाळप त्यांच्या कोयत्यावर चालतं. २०२४ ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता, आणि मतदान २० ला. बीडकडची टोळी मुकादमाची उचल घेऊन निघाली की ती पुन्हा मत द्यायला चारशे किलोमीटर मागे जाणं अवघड. तिचं नाव तिकडच्या यादीत, घाम इकडच्या फडात. टपाली मतपत्रिका सैनिकाला आहे, निवडणुकीच्या कामावरच्या शिक्षकाला आहे, ८५ च्या पुढच्या वृद्धाला आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्याला नमुना १२ डी भरून घरी मत देता येतं. ऊस तोडणाऱ्याला यातलं काहीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने ७२ मतदारसंघांचं मतदान एकाच ठिकाणी घेऊ शकणारं यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. पक्षांचे आक्षेप आले आणि ते मागे पडलं. यंत्रावर शंका असतील तर त्या निरसल्याच पाहिजेत. पण तोपर्यंत निदान हंगामाची तारीख मतदानाच्या पुढे ढकलणं सरकारच्या आणि कारखान्यांच्या हातात आहे, आणि ती पाच दिवसांनी पुढे जाण्याने उसाला काही होत नाही. त्या माणसांना आपण मतदार म्हणून मोजतच नाही, म्हणून हे घडतं.

कारखानदारीतल्या कामगाराला कायद्याने भरपगारी सुट्टी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब तसं सांगतं आणि रोजंदारीवाल्यालाही ते लागू आहे. मोडलं तर दंड ५०० रुपयांपर्यंत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत एका पाळीचं काम थांबण्यापुढे ५०० रुपये म्हणजे काहीच नाही. इचलकरंजीत मागावर पीसप्रमाणे काम करणाऱ्याला तर सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी. इथे उपाय पाळ्या आखण्याचा आहे: सकाळची पाळी नऊला सुरू करायची, दुपारची तीनला सोडायची. मालकांच्या संघटनेने एकदा ठरवलं तर सगळ्यांवर भार सारखा पडतो.

आता रांगेचं गणित, कारण त्रास म्हणतात तो इथे मोजता येतो. मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६, म्हणजे ६६० मिनिटं. एका केंद्रावर पूर्वी १,५०० पर्यंत मतदार असत. २०२५ पासून आयोगाने ही मर्यादा १,२०० वर आणायचं ठरवलं. १,२०० पैकी ७५ टक्के म्हणजे ९०० माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला ४४ सेकंद. १,५०० च्या केंद्रावर ८० टक्के झालं तर ३३. या वेळात पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो, दुसरा शाई लावून नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो, तिसरा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं बटण दाबतो, मतदार आडोशाला जाऊन मत देतो, व्हीव्हीपॅटच्या काचेत कागद ७ सेकंद दिसतो, आवाज येतो. पहिली दोन कामं एकाच वेळी दोन वेगवेगळ्या माणसांची चालतात, पण यंत्र एकच. तिथे एक मिनिट गेलं की मागचे सगळे एक मिनिट थांबतात.

आणि माणसं ६६० मिनिटांत सारखी वाटून येत नाहीत. ९०० पैकी निम्मी, ४५०, पहिल्या चार तासांत येतात असं धरा. यंत्रावर माणशी एक मिनिट लागलं तर त्या चार तासांत २४० जण बाहेर पडतात आणि ११ वाजता २१० माणसं उन्हात उभी असतात. लांबून ती रांग पाहून परत फिरलेला माणूस संध्याकाळी येईलच असं नाही. लहान मूल घरी ठेवून आलेली बाई तर नाहीच. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात तर एकाच मतदाराला चार बटणं दाबायची असतात. २०२६ ला कोल्हापूरकरांना ही पद्धत नवी होती. २०१५ ची महापालिका एकाच सदस्याच्या ८१ प्रभागांत झाली होती. मध्ये पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार. मतदान ही सवय आहे: एकदा गेलेला माणूस पुढच्या वेळी जाण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतही दिसलं आहे. २०१५ नंतर अठरा वर्षांची झालेली शहरातली मुलं-मुली आपल्या नगरसेवकासाठी पहिल्यांदा मतदान करायला निघाली तेव्हा त्यांतली काही अठ्ठाविशीत पोचली होती. निवडणुका लांबवण्याचं हे नुकसान कुठल्याही अहवालात येत नाही.

रांग कमी करायला फार काही लागत नाही. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी हातात असलेल्या माणसाचं नाव पहिल्या अधिकाऱ्याला लगेच सापडतं. नसेल तर पानं उलटावी लागतात. ती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, पण वेळ वाचवते. दुपारी १२ ते ३ केंद्र बऱ्यापैकी रिकामं असतं. निवृत्त आणि घरी असणाऱ्यांनी ती वेळ धरली तर सकाळ नोकरदारांना मोकळी होते. सहा वाजता जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतो, त्यामुळे पावणेसहाला पोचलेल्याने परत फिरू नये.

इथवर वाचून कुणी म्हणेल, कोल्हापूरची टक्केवारी गटांच्या आणि पैशाच्या जोरावर आहे, तिचं कौतुक कसलं? आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मतदान काढणारी यंत्रणा फुकट चालत नाही. मतदाराला केंद्रावर नेण्यासाठी उमेदवाराने गाडी पुरवणं हा कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे, आणि मुंबईच्या चाकरमान्यांसाठी आजरा-भुदरगडकडे भरून येणाऱ्या गाड्यांचं भाडं कोण देतं हे सगळ्यांना माहीत असतं. शेवटच्या दोन रात्रींत ‘लक्ष्मीदर्शन’ होतं. पाकीट घेऊन मत कुणाला दिलं हे कुणी तपासू शकत नाही. पण माणूस गेला की नाही हे तपासता येतं, आणि म्हणून पैशाने मत फिरो न फिरो, टक्का मात्र वाढतो. ८४ टक्के हा आकडा म्हणून आम्हाला निखळ आनंद देत नाही. त्यात निर्णय करून आलेली माणसं आहेत आणि आणलेली माणसंही आहेत.

काही जण जात नाहीत ते रागाने. ज्याला मत दिलं तो दुसऱ्या पक्षात जाऊन बसला, पक्षच फुटले, चिन्हं बदलली. ‘कुणालाही दिलं तरी तेच’ असं म्हणणारा माणूस आळशी नसतो. २०१३ पासून त्याला ‘नोटा’चं बटण आहे, पण विधानसभा-लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांतला पहिलाच निवडून येतो. त्याच्या रागावर यादीचा आणि रांगेचा उपाय लागू पडत नाही, हे मान्य करायला हवं.

मग सक्ती करावी का? ऑस्ट्रेलियात १९२४ पासून आहे, दंड २० डॉलर, मतदान नव्वदीच्या आसपास. तिथे मतदान शनिवारी असतं, आधीच आणि टपालानेही मत देता येतं, म्हणजे सक्तीच्या आधी सोय आहे. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी सक्तीचा कायदा केला आणि २०१५ साली तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. फडात अडकलेल्या मजुराला नोटीस पाठवणारी सक्ती आम्हाला नको.

आमचा आग्रह एवढाच की मतदान काढण्याचं जे काम गट करतात, त्यातलं यादीचं आणि आठवणीचं काम गटाबाहेरच्या संस्थांनी हातात घ्यावं. जिल्ह्यात अशा संस्थांची वाण नाही. खेड्यात दूध संस्थेच्या दारात सकाळ-संध्याकाळ घरटी एक माणूस किटली घेऊन येतो. यादी दुरुस्तीच्या काळात त्या भागाची यादी तिथे, फॅट मोजण्याच्या यंत्राशेजारी टांगली तर आठ दिवसांत गावातली वारलेली, गेलेली, राहिलेली नावं तोंडी गोळा होतील. गावात दोन गटांच्या दोन दूध संस्था असतील तर दोन्हीकडे टांगावी. चूक दोघांनाही दिसेल. बचत गटाच्या मासिक बैठकीत सुनांचे नमुना ८ भरून घ्यावेत. शहरात तालीम मंडळांकडे घराघराची वर्गणीची वही असते. ती वही यादीशेजारी ठेवली की कोण राहतं, कोण गेलं हे एका संध्याकाळी उमगतं.

आणि अपार्टमेंट. सोसायटीच्या सचिवाने १ ऑक्टोबरच्या आधी महिनाभर हे करावं: आयोगाच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाची यादी उतरवून घ्यायची, फ्लॅटनुसार लावायची, ज्यांचं नाव नाही त्यांना नमुना ६, ज्यांचं दुसरीकडे आहे त्यांना नमुना ८, काही अडलं तर १९५० ला फोन. भाडेकरूला नोंदणीकृत करारनाम्याची प्रत द्यायला घरमालक कचरतो. अशा वेळी बीएलओ जागेवर येऊन राहण्याची खात्री करू शकतो, हे भाडेकरूला सांगायचं. मोठ्या संकुलाने केंद्रच आवारात मागावं. २०२४ ला मुंबई-पुण्याकडे तशी केंद्रं झाली आहेत.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी एक फोन. २००८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात असे फोन करून पाहिले गेले. नुसतं ‘उद्या मतदान करा’ सांगण्यापेक्षा ‘किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल’ हे विचारल्यावर मतदान वाढलं, आणि जिथे घरात एकटाच मतदार होता तिथे सगळ्यात जास्त. म्हणून फोनवर विचारायचं ते एवढंच: "उद्या किती वाजता जाताय?" सांगितलेली वेळ नावापुढे पेन्सिलने लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी तीनला ज्यांच्यावर रेघ नाही त्यांना पुन्हा एकदा विचारायचं. ‘कुणाला’ हा शब्द त्या फोनवर येता कामा नये. आला, तर त्या माणसाच्या हातातून यादी काढून घ्यायची आणि दुसऱ्याला द्यायची.